भेटीला आलेली सफरचंदं

मीनाबाई : एवढं किलोभर मीठ कढईत वतलंस, आन म्हणतीस गोड करायलीस?

प्रतिक्षा : आई, ते खायचं नाही. मीठ तापवायचं, त्यात वाटी पालथी घालायची, वर डबा ठेवायचा. आपल्याकडं ओव्हन कुठाय?

मीनाबाई : नाव काय म्हणलीस त्येचं?

प्रतिक्षा : ॲपल क्रम्बल. खाली ओट्सचा थर दाबायचा, मधे सफरचंद, गूळ, दालचिनी, आणि वरून परत ओट्स.

मीनाबाई : ते ओट्स तर ह्यांचं. डाक्टरनी बीपीसाठी सांगितल्यालं. एक दिवस खाल्लं आन मला म्हणले, ह्यो भुसा सिद्धप्पाच्या म्हशीला दे, तिचं बी बीपी उतरंल.

प्रतिक्षा : पप्पा असंच बोलणार! पुडा दोन महिने उघडा पडलाय, अळ्या व्हायच्या आधी संपवते. कणीक आणि तूप घातलंय. अजून काय घालू?

मीनाबाई : शेंगदाण्याचं कूट घाल की मूठभर. त्येच्याबिगर चव कुटनं येनार?

प्रतिक्षा : घालते. तुम्ही तेवढी सफरचंदं चिरून द्या. माझे हात पिठाचे आहेत.

मीनाबाई : मला नगं सांगू.

प्रतिक्षा : सातआठच चिरा. बाकीची फ्रीजमधे टाकते. चार तर सडलीसुद्धा.

मीनाबाई : नगं म्हणलं न्हवं! मला त्येचा वास सोसंना.

प्रतिक्षा : वासानं काय होतंय? चार दिवस नुसत्या चहावर आहात तुम्ही. संघपाल पण तसेच. पप्पांपाशी दवाखान्यात बसून असतात, डबा नेला की भरलेला परत येतो. म्हणून म्हटलं, काहीतरी वेगळं करावं, दोन घास तरी जातील. मला तरी दुसरं काय करता येणारे इथं बसून?

मीनाबाई : तुझं चुकलं म्हणत न्हाय मी.

प्रतिक्षा : आणि लोकांचंही कळत नाही मला. माणूस अर्धांगानं पडलाय, गिळता येत नाही, नाकात नळी आहे. त्याला भेटायला येताना सफरचंदं कशाला आणायची? विहारातल्या बायकांनी दोन किलो आणली.

मीनाबाई : मग काय रिकाम्या हातानं येत्यात व्हय? आजाऱ्याला सफरचंदच नेत्यात. आमी बी जल्मभर नेलं. आन नुसतं ठिवून येत न्हाय, एक फोड आपल्या हातानं भरवायची. तवा कुटं भेटल्यागत वाटतं.

प्रतिक्षा : म्हणूनच मी पलंगाला कागद चिकटवला होता, तोंडानं काही देऊ नये म्हणून. कुणी भरवलं नाही ना?

मीनाबाई : सिद्धप्पा आलता रविवारी, होटगीवरनं. तीस वर्षं दोघं एका गँगमधी, रुळावर. त्यो फोड घिऊन वाकला. मी त्येचा हात धरला.

प्रतिक्षा : बरं केलंत.

मीनाबाई : न्हाय केलं बरं.

प्रतिक्षा : म्हणजे?

मीनाबाई : त्यो गेल्यावर मीच दिलं.

प्रतिक्षा : काय दिलंत?

मीनाबाई : सफरचंद. अर्धं कापलं आन चमच्यानं खरवडलं. लेकराला देतू तसं, लई बारीक. त्यांनी सिद्धप्पाच्या हातातलं बघितल्यालं. चांगला हात हाय न्हवं, त्यो सारखा तोंडाकडं नेत हुते. तीन चमचं गिळलं गं त्यांनी. मला वाटलं, डाक्टरला काय कळतंय, माझा माणूस बरा झाला. चवथ्याला ठसका लागला. डोळं बाहीर आलं. मी पाठ चोळली, मग थांबलं.

प्रतिक्षा : आई! सोमवारी ताप आला. मंगळवारी आयसीयूत नेलं. कारण सापडत नाही म्हणून रोज औषध बदलतायत. डॉक्टरांनी किती वेळा विचारलं, तोंडानं काही दिलं का? तुमच्यासमोर मी छाती ठोकून नाही म्हणाले!

मीनाबाई : तू न्हाय म्हणलीस, मग मी कुटल्या तोंडानं व्हय म्हणू?

प्रतिक्षा : घास छातीत उतरला असेल त्यांच्या. त्यानं जीव जातो माणसाचा.

मीनाबाई : बेचाळीस वर्षं वाढलं मी त्यांना. ड्यूटीवरनं कवाबी येऊ देत, गरम भाकरी दिली. आन आता नळीतनं पानी वतायचं, त्येला जेवान म्हणायचं? मला न्हाय बघवलं.

प्रतिक्षा : मला राग आलाय तुमचा. खोटं कशाला बोलू? पण राग नंतर. आता डॉक्टरांना कळलं पाहिजे.

मीनाबाई : संघपाल मला परत आत सोडायचा न्हाय. ह्यांच्याजवळ बसू द्यायचा न्हाय.

प्रतिक्षा : नाही सोडणार कदाचित. तरी सांगायचं. मी लावते फोन, पण बोलायचं तुम्ही.

(प्रतिक्षा गॅस बंद करते आणि फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

संघपाल : हां, बोल. पाचला याल तेव्हा पप्पांचा चष्मा घेऊन या.

मीनाबाई : मी हाय. ताप उतरला का?

संघपाल : नाही अजून. डॉक्टर आत आहेत. नंतर करू का फोन?

मीनाबाई : नंतर नगं. संघा, रविवारी दुपारी तू औषधं आणाय गेलतास, तवा मी ह्यांना सफरचंद भरवलं. चमच्यानं. ठसका लागला त्यांना. मी कुणाला बोलले न्हाय.

प्रतिक्षा : अहो, ऐकलंत का?

संघपाल : ऐकलं.

मीनाबाई : मला काय बोलायचं ते बोल. हितं येऊ नगं म्हण, मी येत न्हाय. पर डाक्टरला सांग.

संघपाल : आई, रविवारी संध्याकाळी मी चहा दिला पप्पांना.

प्रतिक्षा : काय?

संघपाल : माझ्या हातात कप होता. पप्पा त्याच्याकडंच बघत होते. बशीत गार करून दोन घोट दिले. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. त्यांना ठसका लागला, मी घाबरून बशी लपवली. चार दिवस हितं बसलोय. डॉक्टर आले की मी उठून नळावर जातो, परत विचारतील म्हणून.

प्रतिक्षा : आज जाऊ नका. तिथंच थांबा.

संघपाल : दार उघडलं. बाहेर येतायत. दोन्ही सांगतो.

मीनाबाई : संघा, माझं आदी सांग.