ठिबकच्या अनुदानाचा फोटो

गड्या, ठिबकच्या अनुदानाला शेतकऱ्याचा शेतात उभा राहिलेला फोटो लागतोय. सातबारा वडलांच्या नावावर, म्हणून आबांना उसात उभं केलं. एरवी फोटो म्हटलं की तोंड फिरवणारी आई, त्या दिवशी पदर सावरून आपणहून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मी खेकसलो, "आये, सरक की बाजूला! फॉर्मवर तुझं नाव हाय व्हय?"

आबा म्हणालं, "आरं, ऱ्हाऊ दे की. नळ्या सगळ्या तिनंच अंथरल्यात."

मी ऐकलं न्हाई. अनुदान आलं.

औंदा आई गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर एकबी धड न्हाई. त्या फोटोत कडंला तेवढा तिचा पदर दिसतोय, बाजूला सरकताना.