दुर्बिणीचा स्क्रू

तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून सांगतो. भोंगवलीला माझे चुलते आहेत, तात्या. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडं परवान्याची रायफल होती. तिच्यावर दुर्बीण मी बसवून दिली होती.

एका सकाळी मक्यात रानडुक्कर शिरलं. तात्यांनी नीट नेम धरून गोळी झाडली आणि डुकरापासून चार हात लांब उभी असलेली त्यांचीच कुत्री, चिमी, जागेवर पडली.

"डोळं गेलं माजं," एवढंच ते म्हणाले. रायफल पोलीस ठाण्यात जमा करायला काढली.

त्याआधी पुसून ठेवावी म्हणून मी ती हातात घेतली, तर दुर्बीण हलत होती. तिला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पुढच्या कडीचा स्क्रू मीच आवळायचा विसरलो होतो. त्यामुळं नेम डुकरावर आणि गोळी भलतीकडं. मी तसंच तात्यांना जाऊन सांगितलं. चिमीला पुरलं होतं तिकडं त्यांनी एकदा पाहिलं.

"गावाला म्या डोळ्याचं सांगितलंय," ते म्हणाले. "तूबी तेच सांग."

अजूनही स्टँडवर चार माणसं असली, की एसटीची पाटी ते मला वाचायला लावतात.