पाचटातली पिल्लं

मी कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे. शिरवळला ऑफिसात बसून बाळ जेवलं का, झोपलं का, म्हणून सासूबाईंना फोन करत राहते. तर ऊस तुटला आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी सासरे नेहमीप्रमाणे पाचट, म्हणजे उसाचा उरलेला वाळका पाला, पेटवायला निघाले; सासूबाई आणि मीही सोबत होतो. त्याच पाचटात मला रानमांजराची तीन पिल्लं दिसली.

"मामंजी, थांबा," मी ओरडले. काडी पेटायचीच राहिली होती.

सासूबाई म्हणाल्या, "घरी नेऊ, दूध पाजू."

"हात नका लावू," मी म्हणाले. " आपण लांब गेलो की त्यांची आई येऊन नेईल."

"हे तू सांगतीस व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

पण सासरे जुने फौजी, दबा धरून वाट बघण्यात मुरलेले. त्यांनी सगळ्यांना बांधावर नेऊन बसवलं. सगळ्यात जास्त चुळबुळ माझीच. ती आलीच नाही तर?

ऊन कलताना मांजरी आली. मानेला धरून एकेक पिल्लू ओढ्याकडच्या झाडीत घेऊन गेली. तिसरंही नेलं, तसा माझा जीव भांड्यात पडला.

सासऱ्यांनी काडेपेटी खिशात टाकली. "आता पाचट पेटवायचं न्हाई, कुजवायचं. आत कोण बाळंतीण असंल, काय सांगावं?"

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिक जरा. एक फोन न्हाई केला तिनं."