दादांची काळी

मंडळी, सोसायटीच्या या हॉलमध्ये मी पाणी कधी येणार ते सांगितलंय, गणपतीची बक्षिसं वाचून दाखवलीत. आज माईक हातात धरवत नाहीये. समोर दादांच्या पत्नी, शालिनीवहिनी बसल्यात.

आपले मुकुंददादा गेले. तुम्ही त्यांना गच्चीत द्राक्षाचा वेल लावणारे आजोबा म्हणून ओळखता. मी त्यांना निफाडपासून ओळखतो. दादा द्राक्ष संशोधनात होते. परदेशातल्या थंडी सोसणाऱ्या रानद्राक्षाशी संकर करून त्यांनी वाइनसाठी नवं वाण काढलं. थंडीची लाट आली की आमच्याकडे दव गोठायचं, मणी तडकायचे, बागाबागांत शेकोट्या पेटायच्या. हे वाण मात्र टवटवीत! शिवारभर एकच नाव झालं, 'दादांची काळी'. आणि गंमत बघा, दादा माळकरी. वाइनचा थेंब कधी चाखला नाही.

मग वाइनरीवाले म्हणू लागले, हिला रानटी वास येतो. गिऱ्हाइकाला बाटलीवर फ्रेंच नाव लागतं. झालं. शेतकऱ्यांनी एकेक बाग उपटून टाकली. मी विचारलं, "दादा, राग नाही येत?" म्हणाले, "त्यांना घर चालवायचंय रे. पण वाण एकदा गेलं की गेलं."

शेवटचं कलम घेऊन ते नेरूळला मुलाकडे आले. गच्चीतल्या ड्रमात लावलं. या वेलाला थंडी लागायची, इथे थंडी कुठली? डिसेंबरात दादा मासळीबाजारातून बर्फाचा चुरा आणून मुळांवर घालायचे. माळकरी माणूस आणि पिशवीला बोंबलाचा वास! किती हसलो आपण.

या उन्हाळ्यात दादा हॉस्पिटलमध्ये असताना वेल वाळला. दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. वहिनींनी नर्सरीतून साधा द्राक्षवेल आणून त्याच ड्रमात लावला. आपण सगळ्यांनी ठरवलं, दादांना टेन्शन नको, सांगायचं नाही.

ते घरी आल्यावर मीच त्यांना गच्चीत नेलं. त्यांनी एक पान उलटलं, बोट फिरवलं. काळीच्या पानाला मागून लव असायची. हे गुळगुळीत. दादा खाली बसले. मग म्हणाले, "पाणी आण रे. आणि शालूला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. फार जिवापाड लावलाय तिनं."

वहिनी, रोज सकाळी "काळीला पाणी घालून येतो" असं तुम्हाला सांगून ते जायचे ना? ते तुमच्यासाठी होतं.

मंडळी, आता उभे राहूया. वहिनी, तुम्ही बसा. थोडा वेळ कुणीच काही बोलायला नको.