शटडाउनचं टण-टण

हसू नका, आमच्या धंतोलीच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर मी दुरुस्त केला, मी रिसेप्शनवालीनं! रोज दुपारी दवाखाना बंद करताना मी शटडाउन दाबलं, की तो टण-टण ओरडे. इंजिनिअर दोनदा सकाळी येऊन गेला, तेव्हा एकदम चूप. तो म्हणाला, "मशीन ठीक आहे, मॅडमच काहीतरी चुकीचं दाबून राहिल्या." डॉक्टरांनी लगेच टेबलावर नवं रजिस्टर ठेवलं. "शोभाबाई, उद्यापासून यात लिहा. कॉम्प्युटरले हात लावू नका."

मले असा राग आला! त्या दुपारी शटडाउन दाबलं आणि स्क्रीन सोडून आजूबाजूलेच पाहत बसले. जुना कॉम्प्युटर, बंद व्हाले वेळ लागते. तेवढ्यात डॉक्टर घरी निघाले. बाहेर ऊन, म्हणून रोजच्यासारखा तोंडाले दुपट्टा गुंडाळायचा होता. हात मोकळे हवेत, तर त्यांनी जेवणाचा डबा ठेवला थेट माझ्या कीबोर्डवर. टण-टण-टण!

मी म्हटलं, "सर, डबा उचला."

उचलला. आवाज बंद.

"आता ठेवा."

ठेवला. टण-टण-टण!

दुपट्ट्यातून डॉक्टरांचे नुसते डोळे दिसत होते. डबा काखेत मारला आणि जाताना ते रजिस्टरही उचलून घेऊन गेले.