सांभारे अण्णांच्या कॉम्प्युटरमागची पाल

मंडळी, एक विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. जे आपल्याला जिवापाड प्रिय, ते आपण खरंच जपतो का? की नुसता जीव लावून मोकळे होतो? ऐका तर.

वाईत सांभारे अण्णा राहायचे. पत्नी शालिनीकाकू देवाघरी गेलेल्या. काकूंचा गळा काय सांगू महाराजा! मंगळागौरीची त्यांची सगळी गाणी अण्णांनी कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवली — आणि कॅसेटी दिल्या भंगारात! रोज सकाळचा चहा काकूंच्या गाण्याबरोबर, हा त्यांचा नेम.

एक दिवस कॉम्प्युटरमधून आवाज यायला लागला. टक्! टक्! सून मृणाल म्हणाली, "अण्णा, हार्ड डिस्क जायला आलीय. गाणी आजच पेन ड्राइव्हवर घेऊ."

"छट्! माझा कॉम्प्युटर ठणठणीत आहे."

टक्! टक्!

अण्णांचा चेहरा खुलला. "बघ, पाल चुकचुकली! म्हणजे मी म्हणतो तेच सत्य!" आणि टेबलावर बोट आपटून, "कृष्ण, कृष्ण!"

आता काय बोलावं! डिस्क बिचारी आचके देतेय, आणि हे पालीची साक्ष काढतायत! मृणालनं पुन्हा विषय काढला, तर अण्णा कडाडले — "माझ्या वस्तूला हात लावायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी चहा आला, कॉम्प्युटर काही उठेना. अण्णांनी चापट्या मारल्या. बंद-चालू, बंद-चालू! मृणाल धावत आली, पिन उपसली. "थांबा अण्णा! जितकं चालू कराल तितकं आतलं आणखी खराब होईल."

अण्णांनी कॉम्प्युटरवरचा हात काढला. "मृणाल, अगं, ती दुसऱ्यांदा गेली गं!"

डिस्क पुण्याला एका जाणकाराकडे धाडली. त्यानं खूप खटपट केली, पण गाणी गेली ती गेलीच. एक तुकडा तेवढा हाती आला. त्यात गाणंच नाही! काकू ओरडतायत — "अहो, ते यंत्र बंद करा आधी! दूध उतू जातंय!"

अण्णा हसले, रडले, परत परत ऐकत बसले. मग स्वतःच म्हणाले, "मृणाल, याच्या प्रती कर. एक कपाटात ठेव, एक साताऱ्याला लेकीकडे दे."

तर मंडळी, अण्णांच्या वाट्याला उतू गेलेलं दूध तरी आलं! तुमचं काय? लग्नाचे फोटो, नातवाचे बोबडे बोल — सगळं एकाच डब्यात ना? आज घरी जा, प्रत करा, दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि हो — ज्यांचा आवाज जपायचा, त्या अजून शेजारी बसल्या असतील, तर प्रत उद्या करा. आज त्या काय म्हणतायत ते ऐका!