पूर्वजांच्या आधी चाखायचं नाही

"पोरगी गुणी आहे हो, पण अळणी. तिचा रस्साही तसाच व्हायचा, बघालच..."

आता सांगा, सासूबाईंनी हे काकीसासूबाईंच्या कानात सांगायचं आणि दाराआड नेमकी मी, अळकुड्यांचं टोपलं घेऊन! लग्नानंतरचं पहिलं चुसोक, म्हणजे आमचा कोरियातला पूर्वजांना जेवू घालायचा सुगीचा सण; सुवोनला सासरी अख्खं घर जमलेलं, आणि पूर्वजांच्या पानातला रस्सा माझ्याकडे. साधला तर सून, बिघडला तर जन्मभर अळणी. मी काही बोलले नाही. विचार मात्र केला.

कारण तुम्हाला सांगते, हा रस्सा चाखायचा नसतो. आधी पूर्वज, मग आपण. म्हणजे मीठ अंदाजाने, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटतं, अंदाज काय तो आपल्यालाच! मी अळकुड्यांची बुळबुळ काढली, मांस-मुळा घालून पातेलं मंद आचेवर ठेवलं, आणि खाली वर्तमानपत्रं अंथरून अंड्यात घोळलेले माशाचे काप परतत बसले. पातेलं पाठीमागे, पण समोर फ्रिजचं चकचकीत दार... त्यात सगळं दिसतं.

सासूबाई आल्या. "किती निगुतीने परततेस गं! मान वर करू नकोस हं, करपतील." मागे झाकण वाजलं आणि बरणीतून चांगली सढळ चिमूट पडली. मी काही बोलले नाही.

मग काकीसासूबाई. "सासूला सांगू नकोस, नुसता वास घ्यायला आलेय." वास घ्यायला पदराआड... म्हणजे ॲप्रनआड सोयासॉसची बाटली कशाला लागते, तुम्हीच सांगा? मी काही बोलले नाही.

आणि मग चक्क सासरे! बाहेर चेस्टनट सोलून चौकोनी कोरत बसलेले; सणाला पुरुषांचं काम तेवढंच, एरवी पाणीसुद्धा हाक मारून मागवणारे. "तहान लागली," म्हणाले. तहानेला माणूस मिठाच्या बरणीकडे जातो का? पण मी... हो, तेच. गप्प.

पानं मांडली, सगळे पूर्वजांपुढे वाकले. माझं कपाळ जमिनीला आणि जीव त्या वाडग्यात. मग आम्ही जेवायला बसलो. सासऱ्यांनी पहिला घोट घेतला. माझा नवरा ग्योंगजे तर असा बघत होता, जणू निकाल त्याचाच लागणार आहे.

"मीठ अगदी नेमकं," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी हळूच हसू गिळलं, काकीसासूबाई छताकडे बघायला लागल्या, सासरे खाकरले. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव... माझ्यामुळे वाचलं!

"ठरलं मग," सासरे म्हणाले, "यापुढे चुसोक असो, नवं वर्ष असो, रस्सा सूनबाईचा."

म्हणजे झालं, जन्माचं पातेलं गळ्यात! तेव्हा मात्र मी बोलले.

"करीन की, बाबा. फक्त तुम्ही तिघंही घरात असा. मीठ मी घातलंच नव्हतं."